भरती

हरेश्वर दाभोळ खाडीतला. कायगावला पाहुणा आला,
थर्माकोलच्या तराफ्यावर उकिडवा बसला,
बोट बुडवून चाखलं धरणाचं पाणी:
"अळणी."

सटवाजी भोई जाळ्याची गाठ दातांनी ओढत होता.

"भरती कधी लागते इथं?"
"नाशकात दारं उघडली की."

दुपारपर्यंत सहा चिलापी, एक वाम,
मग जाळं अडकलं कशाला तरी.
हरेश्वर हिसका देणार, तोच
सटवाजीनं त्याचं मनगट धरलं,
दोर हलके हलके सोडवला
झोपलेल्या पोराच्या मुठीतून पदर सोडवावा तसा.

"चावडीचा खांब हाय. दगडी.
मे महिन्यात वर येतो,
तवा टेकून बिडी ओढतो आम्ही."

ओहोटीचं विचारायचं
हरेश्वरच्या ओठांवर होतं.

रात्री कालवणात मीठ कमी पडलं.
कुणी मागितलं नाही.