फॉइलमधली नळी

ईली गावाच्या पलीकडे डांबर संपतं,
तिथून चार मैल खडी.
तळ्याचं पाणी कोऱ्या चहाचं.
कोपरापर्यंत हात बुडवला
की बोटं तांब्याची होतात.

टोइवो इथे नावा भाड्याने देतो.
पूर्वी लोखंडाच्या खाणीत होता;
अंधाराबद्दल त्याच्याशी वाद घालू नये.
एवढा चहा टाकला कुणी, त्याने विचारलं.
मी म्हटलं, टॅमरॅकच्या सुयांनी,
वरच्या दलदलीने,
तू शाळेत होतास तेव्हाच्याही पानगळीने.
तो पाण्याकडे जरा ओळखीने बघू लागला.

फळीला खालून बांधल्यात क्वार्ट्झच्या नळ्या,
पाण्याखाली दोन बोटं.
निम्म्या उघड्या, निम्म्या फॉइलमध्ये
डब्यातल्या पोळ्यांसारख्या गुंडाळलेल्या.
काहींतलं पाणी इतकं गाळलेलं
की जीव म्हणून उरला नाही;
तिथे ऊन एकट्यानेच कामाला.

ऊन अडकित्ता घेऊन बसतं.
लांबलचक, एकमेकांत गुंतलेले,
कुणालाच न चावणारे रेणू
कातरत राहतं दिवसभर.
थोडे तिथल्या तिथे वायू होऊन निसटतात,
उरल्या चुऱ्यावर जिवाणूंची पंगत.
खातात, आणि उच्छ्वास टाकतात,
आणि तो उच्छ्वास
माझ्या वहीत तीन दशांश स्थळांपर्यंत येतो.

नेहमीच असं गोडीगुलाबीने चालत नाही.
जुलैत एकदा आकडे उलटे आले:
उन्हाने त्यांच्या तोंडचाच घास काढला होता.
तीन दिवस मी यंत्राला बोल लावला.

चौदाव्या दिवशी नळ्या वर काढल्या.
अकराव्या नळीची फॉइल फाटलेली,
पाणमांजराचं नख असावं.
मसुराएवढं भोक.
आतलं पाणी किंचित फिकं.
मी लिहिलं: क्र. ११, रद्द.

टोइवोने ती आकाशासमोर धरली.
म्हणाला, हिवाळ्यात आम्ही उजाडायच्या आत खाली जायचो,
मावळल्यावर वर यायचो.
रविवारी ऐली मला दारात बसवायची, बर्फात,
शर्ट काढून, खुर्चीवर.
शेजारी हसायचे.
ती म्हणायची, हसू देत, एवढा तास बस.

मला सांगायचं होतं,
माणूस उन्हात रापतो, पाणी उजळतं,
उदाहरण जुळत नाही.
नाही सांगितलं.
त्याचा अंगठा त्या भोकावर होता.

रद्द नळी ओतायची कुठे?
कडेला वाकून तळ्यातच ओतली.
फिकट पाण्याची एक दोरी
गडद पाण्यात उतरताना दिसली,
मग दिसली नाही.

ऊन अजून तासभर होतं.
टोइवोने वल्ही आत घेतली
आणि नाव तशीच राहू दिली.