शब्द एकशेबारावा

नारायण पेठेत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
बारा वर्षं मी हा शब्द शिकवते.
यादीत एकशेबारावा. इंडोलंट.
विशेषण. अर्थ : आळशी.
पोरं लिहून घेतात, रेघ मारतात, पुढे जातात;
त्यांना ऑगस्टमध्ये विमान गाठायचं असतं.

लेझी म्हणजे आज कंटाळा आलेला, मी सांगते,
इंडोलंट म्हणजे कंटाळा मुरलेला,
लोणच्यासारखा, फोडीच्या आतपर्यंत.

वाक्यात उपयोगाला सख्खा भाऊ घेतला.
अच्युत इज ॲन इंडोलंट मॅन.
बिबवेवाडीच्या गॅलरीत चटई टाकून पडलेला,
नळ ठिबकला तर बादली सरकवणारा,
वॉशर न बदलणारा.
आई म्हणायची ऐदी, वहिनी म्हणते ढिम्म,
सोसायटीचे कारखानीस म्हणतात, थोर माणूस,
आणि वर्गणीची पावती परत खिशात घालतात.

मानेवरची गाठही त्याने तशीच ठेवली, दीड वर्ष.
"दुखत नाही ना? मग असू दे."

परवा रिपोर्ट आला.
तिसऱ्या ओळीत माझा शब्द.
मला आधी वाटलं, यांना कोणी सांगितलं?

डॉक्टर सबनीस चष्मा पुसत म्हणाले,
"गाठ इंडोलंट आहे. सावकाश वाढते.
मूळ लॅटिन. ज्यात वेदना नाही, ते.
आळशी हा अर्थ मागाहून चिकटला."
मी, एम.ए. इंग्रजी, मान हलवली
जणू माहीतच होतं.
"सध्या काही करायचं नाही. नुसतं बघत राहायचं."
अच्युतचा चेहरा उजळला.
जमेल असं औषध त्याला पहिल्यांदाच
कोणी लिहून दिलं होतं.

रिक्षात, स्वारगेटच्या सिग्नलला, तो झोपला.
कॉलर सरकवून पाहिलं : सुपारीएवढी.
दुखणं आहे आणि दुखत नाही.
मराठीत किती सरळ म्हणता येतं हे,
तरी घशातून बाहेर येईना.
अण्णा गेले तेव्हा हा तेरा दिवस
भिंतीकडे तोंड करून पडून होता.
आम्ही म्हटलं, बघा, आताही लोळतोय.
दुखतं का, असं विचारलं नाही कोणी.

आज वर्गात अर्थ लिहिला, पुसला,
फळ्यावर पांढरट डाग राहिला.
"मॅडम, पुढचा शब्द?" मैथिली गोसावीने विचारलं.

तेवढ्यात फोन. अच्युत.
"येताना अर्धा इंची वॉशर आण."
बसवणार कोण, ते बोलला नाही.