एकोणीस मिलिमीटर

झाकण उघडलं की आधी वास येतो.
तेवीस वर्षं झाली, तरी येतो.
काणकोणच्या इस्पितळात मागच्या अंगाला,
खिडकीतून पाण्याची टाकी आणि फणसाचा अर्धा बुंधा दिसतो
त्या खोलीत मी सकाळी वर्तुळं मोजते.

आजची बशी एस्पेरांस कुलासोची.
वय अठ्ठेचाळीस, चावडीवर मासे विकते.
लघवीला जळजळ. ताप नाही. पाठीत कळ नाही.
ही दोन ‘नाही’ डॉक्टर प्रियोळकर मुद्दाम लिहितात,
औषधाची निम्मी निवड तिथेच होते.

काल सहा टिकल्या ठेवल्या होत्या,
कागदी, पांढऱ्या,
प्रत्येकीत एकेक औषध मुरलेलं,
खाली जंतूंची पातळ साय.
जिच्याभोवती साय विरते ती लागू पडते.
बाकी सगळं शास्त्र या एका वाक्याचं लांबण.

पट्टी लावते.
सिप्रो, सहा.
सहा म्हणजे काहीच नाही,
सहा हा टिकलीचाच व्यास.
जंतू तिच्या कडेला टेकून बसलेत
शेजारणीच्या सोप्यावर बसावं तसे निवांत.
अमॉक्सिसिलिन, सहा.
तिसरी नऊ, चौथी बारा,
चार गाळल्या.

सिप्रो तिने आधीच घेतली होती.
फॉर्मवर नव्हतं,
पण बाटली पिशवीतून काढता काढता म्हणाली,
‘बाय, तीन गुळयो घेतल्यो. बरें दिसलें.
उरिल्ल्यो दवरल्यो.’
कुठे? मिठाच्या बरणीमागे.
जावयाला कधी लागल्या तर.

मी काही बोलले नाही.
माझ्याही डब्यात अर्धी स्ट्रिप आहे.
तपासणीवाले यायचे होते, रजा मिळेना,
मुलगा शिंकत होता,
मीच दिली. मी, जिला कळतं.
नुसती सर्दी होती ती.
कावळ्यावर धोंडा मारला,
कावळा हलला नाही,
परसातल्या कोंबड्या तेवढ्या मेल्या.

पाचवी टिकली.
नायट्रोफ्युरँटॉइन, उच्चारताना जीभ अडखळते.
जुनं औषध. चकचकीत नवी आली
तेव्हा हे मागच्या फळीवर सरकलं,
आणि फारसं कुणी हात लावला नाही
म्हणून धार टिकून आहे.
कड स्वच्छ. आत काही उगवलेलं नाही.
एकोणीस.
पुन्हा मोजलं. एकोणीस.

सहावीही मोजते, अठ्ठावीस,
सगळ्यांत रुंद, डोळ्यांत भरणारं वर्तुळ.
ते रिपोर्टात लिहायचं नाही असं आमचं ठरलंय.
लिहिलं की कुणीतरी वापरतं.
ते मडगावला नळ्या लावून निजलेल्या
कुणाचं तरी आहे,
ज्याचं नाव मला माहीत नाही,
जो कदाचित अजून आजारीही पडलेला नाही.

दुपारी ती आली, हातांना बांगड्याचा वास.
पाच दिवस, जेवणावर, मध्ये सोडायची नाही.
लघवी गडद पिवळी होईल, घाबरू नकोस.
‘आणि पाणी पी गं, भरपूर.’
हसली.
‘उदक पियेलें जाल्यार वचूंक जाय न्ही?’
बाजारातल्या संडासाला कुलूप, किल्ली ठेकेदाराकडे,
ठेकेदार कुठे ते कुणालाच ठाऊक नाही.
पहाटे सहा ते दुपारी दोन
ती दात चावून बसते टोपलीमागे,
गिऱ्हाइकाशी भांडते,
घोटभरही पीत नाही.

साडेचारला बश्या ऑटोक्लेव्हमध्ये गेल्या.
एकोणीसही गेलं, अठ्ठावीसही,
सगळ्याचा एकच लगदा.

घरी जाताना बस चावडीला थांबते.
खिडकीतून दिसतं ते कुलूप.
पितळी, मोठं, कडेला हिरवं पडत चाललेलं.
पट्टी नव्हती जवळ,
पण डोळ्यांना सवय आहे.
पंच्याहत्तर तरी भरेल.