बेणणी

तीन लिटर पेट्रोल, कानाला रुमाल,
आणि पेडणेकरांचा ठाण्याहून निरोप:
दिवाळीआधी कलमांखालचं सगळं साफ. फोटो पाठव.

मी पाठवतो. मशीन लागली की
दुपारपर्यंत उतार न्हाव्याने भादरल्यासारखा.
घाणेरी, रानमोडी, कुड्याची पोरं,
फिरत्या दोरीला नावं माहीत नसतात.

दोरी तुटली म्हणून वाकलो,
तर गडग्याला बिलगलेल्या सापसंदीच्या
पानाच्या पाठीवर एक दाणा.
नाचणीएवढा. नाचणीहून केशरी.

"थांब जरा," कुंदा घाडी पलीकडून म्हणाली,
डोक्यावर गवताचा भारा तसाच.
मग ती आली.
तळहाताहून मोठी, काळी, मागच्या पंखांत हळद.
या पानावर पुढचे पाय टेकले, नको.
त्या पानावर, नको.
पायांनीच चव बघते म्हणे,
आपण आमटी तळहातावर घेतो तशी.
बराच वेळ नकोच म्हणत राहिली.

सकाळपासून कापलं त्यात काय काय होतं
ते बघायला मी मागे गेलो नाही.

मला वाटलं, मेस्त्रींच्या तुकड्यात मिळेल तिला हवं ते.
भावाभावांची केस, बारा वर्षं कोयता नाही.
आत शिरलो. भरदिवसा काळोख.
वेल होती, मनगटाएवढी,
पण उजेड शोधत पार शेंड्याला गेलेली;
खाली कोवळं पान एक नाही.

"आमी कवळा तोडू," कुंदा म्हणाली,
"ती ह्या वर्सा हयसून, फुडच्या वर्सा थयसून.
पाखरासाठी नाय काय. भातासाठी."
आणि भारा सावरत उतरली,
खाडीच्या बाजूने, तिची म्हैस आज आडवी होती.

तेव्हापासून गडग्याच्या कडेने
दोन हात रुंद पट्टा मी ठेवतो.
यंदा हा. पुढच्या खेपेला हा कोयत्याने विरळ करीन,
वरचा ठेवीन. दगडावर चुन्याची खूण केली आहे,
नाहीतर माझ्या जागी येणाऱ्याला कसं कळणार.

फोटो मी खालच्या बाजूने काढला.
पेडणेकरांनी बोटांनी मोठा करून बघितला असावा:
कडेला हिरवं काय राहिलंय?

गडगा, असं लिहिलं.
मग ते पुसलं.
अजून काही लिहिलेलं नाही.