नवं काय आलं

रात्रभर टक्के मोजत बसलेला कॉम्प्युटर
सकाळी नव्या कपड्यांत उघडला.
चौकटींचे कोपरे गोल झालेत,
डावीकडचं स्टार्ट मधे सरकलंय,
आणि जुना प्रिंटर म्हणे त्याच्या ओळखीचाच नाही.

साखरीनाट्याच्या सोसायटीत, डिझेलच्या खिडकीपलीकडे
सात तांडेल, अलीकडे मी आणि कार्बन पेपर.
स्क्रीनच्या कोपऱ्यात एक ढग लटकतोय:
अंशतः ढगाळ, वारा मंद.
"मंद?" इब्राहिमचाचा हसले,
"त्याला सांग, जेटीवर ये
आणि लुंगी सांभाळून दाखव."

मग कुठलंसं बटण चुकून दाबलं गेलं
अन् काचेवर भिंग आलं.
एकेक अक्षर सुरमईएवढं.
मोतीबिंदूचे डोळे बारीक करून
चाचा खिडकीतून आत वाकले,
बोट ठेवून वाचत गेले
नौका, क्रमांक, लिटर,
आणि थांबले.

"जैनब, मी वाडकर गं.
नऊ वर्षं मला वाडेकर लिहितेस?"

एक मात्रा पुसली.

भिंग बंद कसं करायचं
ते अजून सापडलेलं नाही.
पावत्या हातानंच लिहितेय,
कार्बन उलटा लागला होता
तेवढी एक सोडून.