रंग उतरताना

बाटलीवर आमच्याच गावाचं नाव,
स्पेलिंग मात्र त्यांचं.
गोरं सैन्य कुमासीत शिरलं, त्या सुमाराला
मँचेस्टरच्या कुणा रंगवाल्यानं
लोकरीच्या रंगाला ते चिकटवून दिलं.
आता तीच बाटली
विमानानं, तीन महिने उशिरा,
गावात परत येते
आणि आम्ही सही करून ती सोडवून घेतो.

आज जेल निळंच्या निळं.
कोकोच्या बियांची प्रथिनं, आठ रांगा,
चार आंबवलेल्या, चार कच्च्या,
कडेला एक कोरी, नुसत्या बफरची.
सगळ्या एकाच ढगात बुडालेल्या.
दिव्यावर धरून पाहिलं,
तिरकं करून पाहिलं,
शेवटी नुसतंच पाहत बसले.

"रंगाआधी पाण्यात किती वेळ होतं?"
अग्यार्कोंनी मान वर न करता विचारलं.
ठेवलंच नव्हतं.
"मग साबण राहिला की आत.
रंग त्यालाच मिठी मारून बसलाय."

मेथनॉल संपलेलं. इथेनॉल घ्या म्हणाले, चालतं.
त्यात जेल अंग चोरतं,
पाण्यात सोडलं की फुगून पूर्ववत होतं,
तेव्हा घाबरायचं नाही.
टिश्यूची गाठ करून कोपऱ्यात सोडायची,
जेलला न टेकवता.
सुटलेला रंग ती पीत राहते.

आणि लाईट गेली.
हलवणारं यंत्र मधेच थांबलं, एका बाजूला कलून.
हार्मटनची धूळ खिडकीच्या फटीतून येत होती,
ट्रेवर ताट झाकलं
आणि मी हातानंच हलवू लागले.

न्तोन्सोत माझी दुफी मावशी
दुखवट्याची कापडं रंगवते.
मुळं उकळायची, बुडवायचं, वाळवायचं,
पुन्हा बुडवायचं, काळं पडेस्तोवर.
तिच्या अंगणात सुटला तो रंग कच्चा,
आणि ज्याचा सुटला त्याची गावभर चर्चा.
माझ्या कामात तो सुटावाच लागतो,
फक्त सगळा नाही.
एकदा शुक्रवारी विसरून गेले होते,
सोमवारी ट्रेमध्ये
खिडकीच्या काचेसारखं कोरं काहीतरी तरंगत होतं.
मावशीला सांगितलं तर म्हणाली,
"म्हणजे तू धुणावळ करतेस."

तिसऱ्यांदा द्रावण बदललं.
आधी मार्करची शिडी दिसली,
मग कच्च्या बियांत एकवीसचा जाड पट्टा,
आंबवलेल्यांत तोच विरत विरत
शेवटी असल्यासारखा, नसल्यासारखा.
मी मोठ्यानं ओरडले.
अग्यार्को आले, चष्मा कपाळावर चढवून.

त्यांचं बोट कोऱ्या रांगेवर थांबलं.
काहीच नको होतं तिथे.
साठच्या आसपास एक बारीक रेघ,
तशीच दुसऱ्या रांगेत, तिसऱ्या, सगळ्यांत.
"ही कोण?" मी विचारलं.
"तू," ते म्हणाले.
"हातमोजे नव्हते ना मंगळवारी?
बफरच्या बाटलीत कातडी पडली तुझी."

वहीत लिहिलं: केराटिन. बफर नवा करणे.
मग पुन्हा वाकून पाहिलं तिला.
कोको नव्हे, आंबवणं नव्हे,
न बोलावता आलेली,
आणि रंग मात्र पक्का धरून बसलेली.

संध्याकाळी केजेतियाच्या त्रोत्रोत
पैसे पुढे केले.
पोऱ्यानं नोटा घ्यायच्या आधी
माझी निळी बोटं निरखली.
"ताई, मतदान कधी झालं?
आम्हाला कुणी कळवलंच नाही."