पुठ्ठ्यावरचं घर

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
बारा माग, आम्ही दोघं आणि एक पंखा,
जो नुसती सुताची पिसं उडवायचा.
पाळी संपली की टॉवेलच्या गठ्ठ्यांना
डोकं लावून पडायचो.
माग थांबले तरी कानात चालूच असायचे,
म्हणून भीमशा ओरडून बोलायचा,
स्वप्नंसुद्धा ओरडून सांगायचा.

"दोन गुंठे बे नरहरी, होटगीच्या पुढं.
चार नको, दोनच.
पुढं माझं दार, मागं तुझं,
मधी भिंत, भिंतीला खिडकी,
मीठ मागायला."
मी म्हणायचो, पाणी?
"बोअर मारू की."
आणि पैसे?
मग त्याला झोप यायची.

जेकार्डच्या एका रद्द पुठ्ठ्यावर
त्यानं बॉलपेननं ते घर काढलं होतं.
मोराच्या शेपटीचा पुठ्ठा तो,
एका भोकाला एक धागा वर उचलणारा.
भीमशा तो बल्बसमोर धरायचा,
पत्र्यावर उजेडाचे ठिपके पडायचे.
"बघ, सगळ्या खोल्यांत लाईट आली."

गड्ड्याच्या यात्रेआधी कुठल्याशा शेडला आग लागली
आणि शेठनं आत झोपणं बंद केलं.
रविवारी आम्ही खोल्या बघत फिरलो.
भाडं अमुक. संडास बाहेर. पाणी पाचव्या दिवशी.
मग, "आडनाव?"
भीमशा सांगायचा.
ते मी इथं लिहीत नाही.
लिहिलं तर तुम्हीही
उंबऱ्यात उभं राहून वाचाल.

खोली कालच गेलेली असायची.
कुठं पाहुणे यायचे असायचे.
एका म्हातारीनं खरं सांगितलं,
"पोरा, तू चांगला दिसतोस,
पण मला गल्लीत राहायचंय."
आणि तिनं आम्हाला पाणी दिलं,
माठातलं, गार.

सहाव्या की सातव्या दारात
मालकानं आधी माझ्याकडं बघितलं.
"गुंडेटी," मी म्हणालो.
तो एकदम तेलुगूत हसला,
घरचं कोण, कुठल्या पेठेतले, लग्न झालं का.
भीमशाला तेलुगू येत नव्हतं.
तो बाहेर नळाजवळ पाय धूत राहिला,
बराच वेळ,
स्वच्छ झाल्यावरही.

"घे बे," तो म्हणाला, "तू तरी घे."
जे म्हणायला हवं होतं ते सगळं
मला सुचलं,
आठशे रुपये ॲडव्हान्स मोजून दिल्यावर.

चार रात्री तो स्टेशनवर झोपला.
पाचव्या दिवशी पाळीला आला नाही.
कुणी म्हणालं गुलबर्गा, कुणी म्हणालं भिवंडी.
त्याच्या मागावर टॉवेल अर्धा होता.
जॉबर म्हणाला, संपव. मी संपवला.
कुठल्या तरी हॉटेलात कुणी तरी
त्यानं तोंड पुसलं असेल.
जोड दिसत नाही. मी नीट विणलाय.

आता कॉट आहे, स्टो आहे,
शेंगाचटणीची बरणी आहे.
अजून ओरडूनच बोलतो मी,
कडक भाकरी मोडताना एकटाच दचकतो.
पुठ्ठा माझ्याच पिशवीत निघाला,
त्यानं कधी घातला माहीत नाही.
खिडकीची एक काच फुटलेली,
तिथं लावलाय.
दुपारी तीननंतर त्यातून ऊन येतं,
ठिपके भिंतीवरून सरकत
बंद दारापर्यंत जातात.
घर काही ओळखू येत नाही. मोरही नाही.

काल मालकाची नात आली वर.
"काका, हे काय आहे?"
काही नाही गं, पुठ्ठा आहे.
"मग त्याच्यावर घर कुणी काढलं?
दोन दारांचं?"

खाली पाणी आलं होतं, पाचव्या दिवसाचं.
मी बादली उचलली.